घरात दुसरं रजिस्ट्रेशन आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय एकतीस, बी.फार्म. (फार्मसीची पदवी), पुण्याजवळच्या औषध कंपनीत सात वर्षं क्यूएमध्ये, म्हणजे औषधांचा दर्जा सांभाळणाऱ्या विभागात नोकरी. लातूरकडे गावी वडिलांना अर्धांगवायू झालाय, आई एकटी सगळं करते. दोन मुलं लहान. पत्नीचं डी.फार्म. (फार्मसीचा डिप्लोमा) झालंय, पण सहा वर्षं ती घरीच आहे. नोकरी सोडून गावी मेडिकल टाकलं तर घराला वेळ देता येईल का, आणि पोट भरेल का?

मी बार्शीत १९९१ पासून मेडिकल चालवतो. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हिशोबाने देता येतं, ते पुढे देतो. पहिल्याचं मात्र आत्ताच सांगून टाकतो: वेळ मिळणार नाही. तुम्ही घराच्या जवळ याल, पण मोकळे होणार नाही. कंपनीत तुमची पाळी संपते. मेडिकलवाल्याची पाळी शटर पडल्यावर संपते, आणि शटर पडलं तरी रात्री अकराला कुणीतरी घराची कडी वाजवतोच, "डॉक्टरांनी आत्ताच लिहून दिलंय हो."

किराणावाला मुलाला गल्ल्यावर बसवून लग्नाला जाऊ शकतो. आपल्याला ते जमत नाही, कारण परवान्यावर ज्या रजिस्टर्ड फार्मासिस्टचं नाव आहे त्याने स्वतः, किंवा त्याच्या देखरेखीखाली, चिठ्ठीवरचं औषध दिलं पाहिजे असा कायदा आहे. १९४८ चा फार्मसी कायदा तेच सांगतो, १९४५ चे औषध नियमही तेच सांगतात. सकाळी नऊ ते रात्री दहा दुकान उघडं म्हणजे तेरा तास एक माणूस काउंटरला बांधलेला. तुम्ही कंपनीत एसओपी, म्हणजे कामाची लेखी पद्धत, पाळणारे, तुम्हाला यात नवल वाटणार नाही. पण कागदावर वाचणं वेगळं आणि पोरीला ताप असताना काउंटरवर उभं राहून दुसऱ्याच्या पोराच्या तापाचं सिरप काढून देणं वेगळं.

या नियमाला पळवाट कशी काढतात तेही माहीत असेल. सर्टिफिकेट भाड्याने लावायचं. मी डिप्लोमा झाल्यावर वर्षभर हेच केलं. भिंतीवर माझं सर्टिफिकेट, मालक वेगळा, महिन्याला चारशे रुपये, आणि मी तिकडे फिरकत नसे. आज लाज वाटते ती पैशांची नाही. त्या वर्षात तिथून कोणती औषधं कुणाला कशी गेली याचा मला पत्ता नव्हता, आणि सही माझी होती. पुढे २०१२-१३ च्या सुमारास राज्यात एफडीएने (अन्न व औषध प्रशासनाने) फार्मासिस्ट हजर नसलेल्या दुकानांवर धडक कारवाई सुरू केली, तेव्हा आमच्या लोकांनी बंद पुकारले, मोर्चे काढले. मी मोर्चात गेलो नाही. पण त्याचं कारण तत्त्व नव्हतं. माझा धडा मला आधीच मिळाला होता.

१९९९ ची गोष्ट. मुलगी बालवाडीत. स्नेहसंमेलनात ती फुलपाखरू होणार होती, दुपारी तीनला. आधीच्या वर्षी मी गेलो नव्हतो, तिच्या वाढदिवसाला उशिरा पोचलो होतो, म्हणून या वेळी ठरवलं की जायचंच. दुकानात कामाला एक हुशार पोरगा होता. त्याला सांगितलं, "चिठ्ठी आली तर थांबवून ठेव, साध्या वस्तू दे, मी तासाभरात येतो." फुलपाखरू स्टेजवर आलं, समोर एवढी माणसं बघून रडलं आणि आत गेलं. मी परत आलो तर दुकानात औषध निरीक्षक बसलेले. पोराने त्यांच्याच समोर एका गिऱ्हाइकाला अँटिबायोटिक दिलं होतं, बिलही केलं होतं. चूक सगळी माझी. कारणे दाखवा नोटीस आली, खुलासा दिला, पाच दिवस परवाना निलंबित झाला.

त्या पाच दिवसांत आम्ही तुळजापूरला जाऊन आलो. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि चौघं मिळून बाहेरगावी मुक्काम केल्याची ती पहिली वेळ. धर्मशाळेच्या ओट्यावर मुलं झोपल्यावर पत्नी म्हणाली, "अहो, सरकारने बंद पाडल्याशिवाय तुमचं दुकान बंद होत नाही का?" मी कायदा समजावून सांगायला लागलो. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते सर्टिफिकेट मी काढलं तर?"

ती बारावी सायन्स होती. मी हसलो होतो, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या वर्षी तिने डी.फार्म.ला प्रवेश घेतला. वय अठ्ठावीस, वर्गातली पोरं तिला ताई म्हणायची. सकाळी सातची एसटी, संध्याकाळी सहाला घरी. मुलांना माझी आई आणि सासूबाई आळीपाळीने बघायच्या. फार्मास्युटिकल केमिस्ट्रीत एकदा राहिली, परत बसली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर ५०० तासांचं प्रत्यक्ष ट्रेनिंग असतं, ते तिने मुद्दाम दुसऱ्याच्या दुकानात केलं. "तुमच्याकडे केलं तर तुम्ही मला चहा करायला लावाल," म्हणाली. २००३ मध्ये तिचं फार्मसी कौन्सिलचं रजिस्ट्रेशन झालं आणि माझ्या सर्टिफिकेटशेजारी तिचं लागलं. आमच्या घराला जो काही वेळ मिळाला तो त्या खिळ्यापासून. म्हणून तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ तुमच्या अनुभवाची नाही, "पत्नीचं डी.फार्म. झालंय" ही आहे. तुम्ही ती जाता जाता लिहिली आहे.

ती काउंटरला आल्यावर नुसता माझा वेळ सुटला असं नाही, दुकानच बदललं. आधी बायका यायच्या, इकडेतिकडे बघायच्या, माझ्याऐवजी कुणी दिसतंय का ते पाहून डोकेदुखीची गोळी घेऊन जायच्या. आता त्या दुपारी बारा ते चार या तिच्या वेळेत येतात आणि पाळी, अंगावरून जाणं, गर्भनिरोधक गोळी चुकली तर काय, हे सरळ विचारतात. मला बारा वर्षं डोकेदुखी वाटलेली अर्धी दुखणी डोक्यात नव्हतीच.

आणि तिची एक सवय. औषध दिल्यावर मी सांगायचो. ती विचारते. परंड्याकडच्या एक आजी होत्या, संधिवाताच्या. चिठ्ठीवर मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदा. हे औषध आठवड्याला एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी कोसळतात, माणूस दगावतो. मी आजींना नीट सांगितलं, "आठवड्यातनं एकदा हं." त्यांनी मान हलवली. पिशवीत भरून निघणार तोच हिने आतून विचारलं, "मावशी, ही पिवळी गोळी कधी घेणार, सांगा बरं मला?"

"घेते की रोज रातच्याला, जेवल्यावर."

मान हलवणं म्हणजे समजणं नव्हे हे मी बारा वर्षं धंदा करून शिकलो नव्हतो. तेव्हापासून आमच्याकडे हे औषध जाताना पाकिटावर वाराचं नाव लिहून जातं, आणि तो वार त्या माणसाच्या गावच्या बाजाराचा असतो. तारीख विसरते, बाजार कुणी विसरत नाही. त्याच्या जोडीला दिलेली फॉलिक अॅसिडची गोळी वेगळ्या पुडीत, वेगळ्या वारी. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून देतो. स्ट्रिप कापताना बॅच नंबर आणि एक्सपायरीची बाजू शेवटपर्यंत राखायची, हेही पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचं. नाहीतर उरलेल्या चार गोळ्या कोणत्या, कधीच्या, ते कुणालाच सांगता येत नाही. इन्सुलिन नेणाऱ्याला आधी विचारायचं, घरी फ्रिज आहे का. नसेल तर मातीच्या मडक्यात पाणी, त्यात कोरडी बंद डबी, आणि मडकं सावलीत. भारनियमनाच्या काळात मी दुकानाचा फ्रिज इन्व्हर्टरवर घेतला तेव्हा लोक हसले होते, घरात पंखा नाही आणि औषधांना इन्व्हर्टर.

आता घराबद्दल एक अशी गोष्ट सांगतो जी व्यवसायाच्या पुस्तकात सापडत नाही. फार्मासिस्टच्या घरातला रोगी हा गावातला सगळ्यात दुर्लक्षित रोगी असतो. माझ्या आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि त्याच गोळीत लघवी जास्त करणारं औषध चालू होतं. गुडघे दुखायचे. मी दुकानात नसताना ती पोराला हाक मारायची, "बाळा, ती दुखण्याची दे रे दोन." तो सुट्ट्या गोळ्यांच्या डब्यातून डायक्लोफेनॅक द्यायचा. मालकाची आई, बिल कोण करणार? बिल नाही म्हणजे नोंद नाही. असं आठ-नऊ महिने चाललं. २०११ च्या उन्हाळ्यात पायावर सूज आली, तपासणी केली तर क्रिएटिनिन २.४, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलेलं. डॉक्टरांनी विचारलं, वेदनाशामक चालू आहे का? मी ठामपणे नाही म्हणालो. आई शेजारी बसून माझ्याकडे बघत होती.

टेल्मिसार्टनच्या जातीचं औषध, लघवीचं औषध आणि डायक्लोफेनॅकसारखं वेदनाशामक हे त्रिकूट मूत्रपिंडाला किती घातक ते मी दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या बघून डॉक्टरांना फोन करून सांगत असे. माझ्याच डब्यातून ते माझ्या आईला जात होतं. गोळी बंद केली, काही महिन्यांत आकडा १.५ पर्यंत उतरला, पहिल्यासारखा झाला नाही. त्यानंतर घरच्यांसाठी नियम केला: घरातल्या माणसाला एक गोळी गेली तरी त्याच्या नावाने बिल, शून्य रुपयाचं का होईना. सॉफ्टवेअरमध्ये घरच्या प्रत्येकाचं खातं आहे. तुमच्या वडिलांना बहुतेक रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, बीपीचं असेल, कदाचित झटक्यांचंही. दुकान टाकल्यावर पहिलं खातं त्यांचं उघडा. आणि भाऊबंदांचे फोन येतीलच, "अर्धी झोपेची गोळी दे पाठवून." अल्प्राझोलाम, डायझेपाम ही २०१४ पासून शेड्यूल एच-वन मध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या यादीत आहेत. चिठ्ठी हवी, रजिस्टरला रोग्याचं आणि डॉक्टरचं नाव हवं, रजिस्टर तीन वर्षं जपायचं. नातेवाइकाला एकदा नाही म्हणा, पाच वर्षं सुखात जातात. माझा एक चुलत मेहुणा अजून बोलत नाही. झोप त्याला लागते असं ऐकतो.

पैशांचं. शेड्यूल्ड म्हणजे सरकारने कमाल किंमत ठरवलेल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के, बाकीच्यांवर प्रथेप्रमाणे साधारण २०. सरासरी १८ धरा. तालुक्याच्या गावी दुसऱ्या वर्षी रोजचं काउंटर बारा हजारांवर गेलं तर चांगलं म्हणायचं. महिन्याला ३,६०,००० ची विक्री, त्यावर ६४,८०० सुटले. भाडं १०,०००, पोरगा ९,०००, फ्रिज आणि एसीसकट वीज ३,५००, सॉफ्टवेअर, सीए, ट्रान्सपोर्ट, चहा मिळून ३,०००. राहिलं डिस्काउंट. समोरच्या साखळी दुकानाने "फ्लॅट २० टक्के"चा बोर्ड लावलाय, तुम्हाला निदान सरासरी ५ टक्के सोडावेच लागतील, ते १८,०००. हातात उरले २१,३००. यातून कर्जाचा हप्ता. एक्सपायरीचा माल स्टॉकिस्टने (घाऊक विक्रेत्याने) परत घेतला नाही तर तोही यातूनच. आणि पगारी फार्मासिस्ट ठेवावा लागला तर बारा-पंधरा हजार त्याचे, तुमच्याकडे सहा ते नऊ हजार. म्हणून म्हटलं, घरात दुसरं रजिस्ट्रेशन आहे का हा संसाराचा प्रश्न आहे तसाच हिशोबाचाही आहे.

२० टक्के सूट देऊनही लोक कसे तगतात असं तुम्ही विचाराल. ज्या जेनेरिकची, म्हणजे मोठ्या ब्रँडऐवजी मिळणाऱ्या त्याच औषधाची, छापील किंमत शंभर आणि खरेदी तीस-पस्तीस आहे, ते खपवून. जेनेरिक वाईट नसतं, तुम्ही क्यूएत काम केलंय, तुम्ही हे माझ्यापेक्षा चांगलं सांगाल. पण शंभरच्या छापील किमतीवर "वीस सोडले" म्हणून उपकार करायचे, ते मला जमलं नाही. मी चांगल्या कंपनीचं जेनेरिक ठेवतो आणि सरळ पन्नासला देतो. गिऱ्हाईक टिकतं, पण हळूहळू. तुमच्या वडिलांच्या औषधांचा खर्च महिन्याच्या महिन्याला आहे, तेव्हा "हळूहळू" तुम्हाला परवडेल का ते बघा. नोकरी सोडण्याआधी निदान वर्षभराचा घरखर्च बाजूला हवा. दुकानाचं भांडवल वेगळं. मालात पाच-सहा लाख सहज अडकतात, आणि उधारी गावाप्रमाणे.

कोरोनाच्या काळाबद्दल जास्त लिहीत नाही. एप्रिल २०२१ मध्ये लोक रेमडेसिविरसाठी रडत यायचे आणि ते आमच्याकडे नसायचं. आम्ही दोघांनी तेव्हा ठरवून घेतलं होतं की एकाच खोलीत झोपायचं नाही, एकाच वेळी काउंटरला उभं राहायचं नाही, म्हणजे एक आजारी पडला तरी दुसरा दुकान उघडेल. दीड महिना आम्ही शटरपाशी किल्ल्या देता-घेताना तेवढं भेटायचो. मुलगी पुण्याहून फोनवर रागवायची. ती आता औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या विभागात काम करते. कुणाला गोळीने पुरळ उठलं असं मी सहज बोललो तरी म्हणते, "बाबा, फॉर्म भरला का?" भरतो. धाकटा या धंद्यात आला नाही. त्याला लहानपणापासून दुकानाचा वास आवडत नाही, व्हिटॅमिन बीचा.

मग तुम्ही काय करावं? माझं मत विचाराल तर, दुकान दोघांच्या नावाने भागीदारीत काढा, तेही पहिल्या दिवसापासून. नंतर मालकी बदलली की नवा परवाना घ्यावा लागतो आणि ती धावपळ मी केलेली आहे. पत्नीचा वाटा तिच्या बँक खात्यात जमा होऊ दे. मी ते आठ वर्षं उशिरा सुरू केलं. तोपर्यंत मी लोकांना "ही मला मदत करते" असं सांगत होतो, आणि ती समोर उभी राहून ऐकत होती.

तासांची वाटणी दुकानाच्या सोयीने करू नका, वडिलांच्या फिजिओथेरपीच्या आणि मुलांच्या शाळेच्या वेळा आधी लिहा, उरलेल्यात दुकान बसवा. दुपारी दोन ते चार बंद ठेवलं तर गावाकडे फारसं नुकसान होत नाही, तेव्हा ओपीडीच बंद असतात. आठवड्यातून एक अर्धा दिवस शटर खाली, बोर्डावर ठळक लिहून. सणावारांची आशा मात्र सोडा. आमच्याकडे आषाढीची एकादशी पंढरपूरला करून लोक द्वादशीला बार्शीच्या भगवंत मंदिरात दर्शनाला येतात. चालून सुजलेले पाय, फोड, जुलाब, ओआरएस, बँडेज. इतक्या वर्षांत त्या द्वादशीला मी दुपारी घरी जेवल्याचं आठवत नाही. देवळात जातो रात्री साडेदहाला, तेव्हा रांग नसते.

दुकान घराच्या खालीच घ्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. वडिलांकडे लक्ष राहील म्हणून. नको. वर घर असलं की वडिलांची हाक आणि गिऱ्हाइकाची हाक एकाच वेळी ऐकू येते, आणि पैसे हातात घेऊन उभा असलेला माणूस आधी दिसतो. शिवाय माझ्या आईचा सुट्ट्या गोळ्यांचा डबा आठवा. चालत पाच-सात मिनिटांवर बघा, निदान दहा चौरस मीटरचा गाळा, जवळ एखादा नियमित बसणारा डॉक्टर, आणि फ्रिजसाठी भरवशाची वीज.

या सगळ्याआधी एक काम. सहा वर्षं घरी असल्याने पत्नीचं कौन्सिलचं नूतनीकरण राहून गेलं असण्याची शक्यता मोठी आहे. नूतनीकरण थकलं की रजिस्टरवरून नाव निघतं, आणि फी भरून ते परत लावून घेता येतं. पण त्यात कागदपत्रं आणि वेळ जातो, आणि तोपर्यंत परवान्याच्या अर्जात तिचं नाव टाकता येत नाही. तिचं सर्टिफिकेट कपाटात कुठे ठेवलंय ते तुम्हाला माहीत नसेल. तिला विचारा, आणि विचारताना या दुकानात उभं राहायची तिची इच्छा आहे का, तेही विचारा. तुमच्या पत्रात ते कुठे आलेलं नाही.